पांढऱ्या अंड्यांची तार

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी धाकट्याने फोनवर सांगितलं की त्याला हॅम रेडिओचा परवाना मिळाला. तिकडे त्याच्या गावाजवळ कधीकाळी एक लढाई झाली होती. तिच्या स्मरणासाठी तो आणि त्याचे मित्र त्या माळावर तंबू ठोकून बसणार आहेत आणि तिथून जगभरच्या हौशी लोकांशी बिनतारी बोलणार आहेत. मग त्याने विचारलं, "आजी, आजोबांनी असं कधी केलं होतं का गं?"

मी म्हणाले, "हो, एकदा." आणि लगेच थोरलीच्या परीक्षेचं विचारलं. फोन ठेवला तेव्हा त्याने काय उत्तर दिलं ते मला आठवेना.

म्हणून आता लिहिते आहे, तो तंबू ठोकायच्या आत. तुमच्या बाबांनाही यातलं अर्धंच माहीत आहे. बोलून सांगायला गेले तर मी घाबरते आणि गोष्ट मधूनच सुरू करते. लिहिताना तसं होत नाही. तेव्हा क्रमाने सांगते.

तो बहात्तरचा दुष्काळ. आम्ही उमापूरला राहत होतो आणि मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. आजोबा फौजेच्या सिग्नल विभागातून परत आले होते आणि एका सहकारी उपसा सिंचन सोसायटीत मोटारींचे सुपरवायझर म्हणून लागले होते. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी शेअर घेऊन ती सोसायटी काढली होती. गंगेचं पाणी मोटारीने उचलायचं आणि पाइपाने शेतांवर सोडायचं, असा बेत. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मोटारी आल्या, फोटो निघाले, पाणी एक हंगाम चढलं, आणि मग गंगा वाळूखाली गेली. तिच्या पात्रातून बैलगाड्या जाऊ लागल्या. मोटारी पत्र्याच्या खोलीत गप्प उभ्या होत्या आणि आजोबा रोज त्या फडक्याने पुसत होते. लोक सरकारी कामावर खडी फोडायला आणि तलावाची माती टाकायला जात होते. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची. तिच्या भाकरी थापताना पिठाला चिकटपणाच नसायचा, कडेने फाटत जायच्या.

मोटारींना काम नसल्यामुळे आजोबांचा सगळा जीव रेडिओत होता. लष्करी भंगारातून घेतलेला एक सेट होता, दिल्लीहून आलेला परवाना होता. संध्याकाळी ते "सीक्यू, सीक्यू" करून हाका मारायचे आणि कुठून कुठून माणसं उत्तर द्यायची. मला त्यात गोडी नव्हती, पण माझं अक्षर चांगलं, म्हणून कुणाशी बोलणं झालं याची नोंद मी करायची.

त्या श्रावणात त्यांच्या डोक्यात राक्षसभुवन शिरलं.

राक्षसभुवन आमच्याच तालुक्यातलं, गंगेच्या काठावरचं, शनीचं ठिकाण. सोसायटीचं पंपघर तिथूनच जवळ होतं. तिथे दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांची आणि निजामाची मोठी लढाई झाली. निजाम अर्ध्या फौजेनिशी गंगेपलीकडे गेला आणि त्याचा दिवाण उरलेल्या अर्ध्या फौजेबरोबर अलीकडे राहिला. श्रावणातला पूर मधे. पलीकडच्यांना अलीकडे येता येईना. तरुण पेशव्याने ती वेळ साधली. दिवाण मारला गेला. आजोबा हे असं सांगायचे जणू आपणच त्या पुराच्या काठावर उभे होतो. त्यांना त्या रणभूमीवर बसून, लढाईच्या स्मरणासाठी दिवसभर हाका मारायच्या होत्या. "शाळेच्या पुस्तकात दोन ओळी आहेत," ते म्हणायचे. "निदान पंचवीस माणसांनी तरी त्या दिवशी राक्षसभुवन हा शब्द ऐकावा."

यात भिण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं.

सोसायटीच्या कचेरीच्या ओट्यावर सकाळी माणसं बसलेली असायची. काम नव्हतं तरी यायची. सवयीने. मी शाळेत जाता जाता आजोबांना डबा द्यायला थांबले होते. आमच्याकडे दूध घालणारी म्हातारी मावशी खाली पायरीवर बसली होती. तिची म्हैस आटली होती, पण रिकामी किटली घेऊन ती फिरायची. आजोबा चेअरमनना उत्साहाने सांगत होते, "यंदा गंगेला पाणी नाही ते एका अर्थी बरंच झालं. अगदी पात्रात मधोमध तार बांधता येईल."

चेअरमन हसल्यासारखं करून जीपकडे गेले. ओट्यावरचं कुणीही बोललं नाही. मावशीने मान वर करून आजोबांकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

डबा देताना मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, असं कसं बोललात?"

"कसं?"

"पाणी नाही ते बरं झालं म्हणालात."

"अगं, ॲन्टेनासाठी म्हणालो."

"त्यांनी ॲन्टेना ऐकलंच नाही."

"तू पण ना," आजोबा म्हणाले आणि डब्यात काय आहे ते विचारलं.

तुम्हाला हे कळायला एक शब्द सांगायला हवा. आमच्या भागात पाऊस 'बांधतात'. ढग भरून येतात आणि न पडता निघून जातात, तेव्हा लोक म्हणतात, कुणीतरी पाऊस बांधला. दरवर्षी हा आळ वीटभट्टीवाल्यांवर येतो, कारण कच्च्या विटांवर पाऊस पडला की त्यांचा चिखल होतो. मग कुणी म्हणतं भट्टीत लिंबू पुरलंय, कुणी म्हणतं अंडी बांधलीत. पण त्या वर्षी विटा थापायलाच पाणी नव्हतं. भट्ट्या बंद होत्या. ढग मात्र रोज दुपारी यायचे आणि रोज जायचे. आळ घ्यायला कुणी नव्हतं. आणि आजोबा ओट्यावर उभं राहून 'बांधता येईल' म्हणाले होते.

ही सगळी जोडणी मला तेव्हा नीट कळली होती असं नाही. मला फक्त ओट्यावरची ती शांतता आठवत राहिली. मी त्यांना म्हणाले, जायला नको. ते म्हणाले, सगळीकडच्या मित्रांना कळवून झालंय. तुमचे बाबा तेव्हा रांगत होते. त्यांना मी बीडला माझ्या आईकडे ठेवून आले. आईने विचारलं, कशासाठी? मी म्हणाले, उन्हाचं नको. खरं कारण ऊन नव्हतं.

शनिवार होता. श्रावणातला शनिवार, म्हणजे राक्षसभुवनला तेल वाहायला माणसं येणार. हेही आजोबांच्या लक्षात आलं नाही. सकाळीच आम्ही बैलगाडीतून दोन लांब बांबू, सेट आणि ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या पात्रात उतरवल्या. बांबू वाळूत रोवले, त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली. तारेतली वीज बांबूत उतरू नये म्हणून तिच्या टोकांना आणि मध्ये चिनी मातीचे पांढरे गोटे अडकवतात. आकाराने हुबेहूब अंडी. आजोबाही त्यांना अंडीच म्हणायचे. "अगं, ते अंडं दे," "अंडं नीट बांध, सुटेल." मंदिराकडे निघालेल्या बायका काठावर थांबून ऐकत होत्या. तेलाच्या वाट्या हातात तशाच.

मी खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, अंडं म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

मला मराठी शब्द सुचला नाही. इंग्रजी शब्द येत होता. तो त्या वाळूत काही कामाचा नव्हता.

सेट सुरू झाला आणि थोडा वेळ मी भीती विसरले. पुण्याहून एकजण आले, बंगलोरहून एक आले. मग हैदराबादचे एक म्हातारे गृहस्थ आले. आजोबांनी त्यांना राक्षसभुवन म्हणताच तिकडून हसण्याचा आवाज आला. "अरे मियाँ, दो सौ बरस हो गए, अब तो हमारी तोपां वापस करो!" आजोबा म्हणाले, "पूर उतरला की पाठवतो." दोघंही खूप हसले. मी पण हसले. काठावरच्या बायकांना फक्त आजोबांचं बोलणं ऐकू गेलं, कारण पलीकडचा माणूस आमच्या कानांवरच्या यंत्रात होता. एक माणूस वाळूत एकटाच बसून कुणाला तरी पुराचं आश्वासन देतो आहे, एवढंच त्यांना दिसलं.

दुपारी ढग आले. रोज यायचे तसेच पश्चिमेकडून, खालून काळे. पात्रात सावली पडली, वारा गार झाला. काठावरची माणसं उठून उभी राहिली. आणि मग ते ढग आमच्या डोक्यावरून, अगदी त्या तारेवरून, विरत विरत पूर्वेला गेले. ऊन परत आलं.

माझं लहानपण बीडचं. रझाकारांच्या दिवसांत आम्ही भावंडं धान्याच्या कणगीमागे बसून गल्लीतून जाणारी माणसं ऐकायचो. तेव्हापासून मला जमाव ऐकू येतो. बाजाराला निघालेली माणसं मोठ्याने बोलतात. कुणाच्या तरी दिशेने निघालेली माणसं बोलत नाहीत, नुसते पाय वाजतात. वाळूत तर पायही वाजत नाहीत. त्या दिवशी मला फक्त लोखंडावर लोखंड आपटल्याचा बारीक आवाज आला. मी मागे वळून पाहिलं. सरकारी कामावरची माणसं सरळ कामावरून आली होती. पहारी, फावडी तशीच खांद्यावर. पुढे मुकादम होता. दरवर्षी दिवाळीनंतर हाच माणूस आमच्या भागातल्या नवराबायकोच्या जोड्या ऊसतोडीला घेऊन जायचा. त्या वर्षी ऊस कुठेच नव्हता. त्याच्या मागे बायका, आणि बायकांत आमची दुधाची मावशी.

आजोबांच्या कानांवर यंत्र होतं. ते कुणाला तरी आकडे सांगत होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला तर त्यांनी "थांब गं" अशी खूण केली. मी ते यंत्र त्यांच्या कानांवरून ओढलं.

मुकादम म्हणाला, "राम राम साहेब. काय बांधलंय त्ये?"

"राम राम. तार आहे. रेडिओची."

"आन् ती अंडी?"

"ती खरी अंडी नाहीत. चिनी मातीची आहेत."

"चिनी कोंबडीची व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले. मला इतकं हायसं वाटलं की माझेही दात दिसले असतील. पण मुकादम हसला नव्हता.

"कावून बांधली पर? शनवारच्या दिशी, देवाच्या म्होरं?"

आजोबांनी लढाई सांगायला सुरुवात केली. त्यांचा तो आवडता विषय. हात करून दाखवू लागले, निजाम तिकडे, दिवाण इकडे, मधे पूर. "श्रावण होता. गंगा दुथडी भरून चालली होती. पूर होता म्हणून लढाई जिंकली."

"मंजी पानी व्हतं म्हून जितले."

"बरोबर."

"आन् आता पानी न्हाई त्ये बरं झालं म्हनलात तुमी. सोसायटीत. मावशीनं ऐकलंय."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशी खाली बघत म्हणाली, "ऐकलं त्ये ऐकलं. खोटं कावून बोलू?"

आजोबांचा चेहरा तेव्हा कुठे बदलला. पण त्यांचा एक स्वभाव होता. गैरसमज झाला की यंत्र दाखवायचं. फौजेत तसं चालत असेल. ते म्हणाले, "पाऊस कुणी बांधलेला नाही. थांबा, तुम्हाला पाऊस ऐकवतो." मी "नको" म्हणायच्या आत त्यांनी स्पीकर जोडला.

स्पीकरमधून खरखर आली, आणि खरखरीत मधूनच कडकड असा आवाज. पुन्हा कडकड. आजोबा म्हणाले, "ही वीज. कुठेतरी दूर वीज चमकली की रेडिओत ऐकू येते. म्हणजे पाऊस आहे. इथे नाही, लांब आहे."

पहारी वाळूत टेकल्या. माणसं त्या डब्याकडे पाहत होती. परत कडकड झालं. एका बाईने कपाळाला हात लावला.

"कुठं पडतोय?" मुकादमाने विचारलं.

"समुद्राच्या बाजूला असेल. सांगता येत नाही."

"आत्ता ढग हितनं गेले आन् पाऊस तिकडं हाय."

"हो, म्हणजे तसा त्याचा..."

"इथला तिकडं धाडला व्हय रं तू?"

'तुमी'चं 'तू' झालं होतं. 'साहेब' गळालं होतं. मी इंग्रजी शिकवायची. इंग्रजीत या दोन शब्दांत फरक नाही, हे मुलांना सांगताना दर वेळी वर्गात हशा व्हायचा. ही माणसं कामावर माती वाहतात आणि घरी जाऊन फाटक्या भाकरी खातात. त्यांच्या हातात पहारी आहेत. माझा नवरा हातात लोखंड नसलेला एकटाच पुरुष आहे, आणि चेअरमनची जीप आज फिरकणार नाही. हे सगळं मला एका क्षणात दिसलं.

"काढ ती," कुणीतरी म्हणालं. एकजण पहार घेऊन बांबूकडे निघाला.

आजोबा आडवे आले. "हात लावू नका! तारेत करंट आहे. मराल!"

ते काळजीने ओरडले होते. पण 'मराल' हा शब्द शनीच्या दारात मोठ्याने बोलायचा नसतो. मागून आवाज आला, "आरं, मारीन म्हनतोय!" आणि सगळी माणसं एकदम एक पाऊल पुढे आली. पहारवाल्याने पहार दोन्ही हातांत धरली. आजोबांच्या गळ्यात अजून ते कानाचं यंत्र लोंबत होतं.

मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. बॅटरीच्या वायरी ओढल्याचं आठवतं, कारण ठिणगी उडून बोट भाजलं. स्पीकर बंद पडला. मग मी बांबूपाशी होते आणि दोरीची गाठ सोडत होते. गाठ मीच बांधली होती म्हणून सुटली. तार सळसळत खाली आली आणि अंडी वाळूत पडली, आवाज न होता.

मी वळून म्हणाले, "घ्या. सोडलं. जे काय बांधलं होतं ते सोडलं!"

पहार खाली आली. माणसं थांबली. आजोबा माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "अगं, हे काय बोललीस?"

तेव्हा मला कळलं मी काय बोलले ते. सोडलं, म्हणजे बांधलं होतं. माझ्याच तोंडून.

मुकादम वाळूत उकिडवा बसला. "बसा बे," तो बाकीच्यांना म्हणाला. "सोडलंय म्हनती बाई. बघू आता." सगळे बसले. आणि आम्ही सगळे मिळून आभाळाकडे बघू लागलो.

आता खरी भीती सांगते. पहारीची भीती हिच्यापुढे काहीच नव्हती. पश्चिमेला पुन्हा ढग जमू लागले. दुसऱ्यांदा, त्या एकाच दिवशी, जे महिन्यात एकदाही झालं नव्हतं. ते वर चढत आले. मी मनात जोडत गेले. आता जर पाऊस आला तर तो तार सोडल्यामुळे आला. मग गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा, सगळा न पडलेला पाऊस आमच्या नावावर. मेलेली जनावरं आमच्या नावावर. आजोबांना या तालुक्यात तोंड दाखवता येणार नाही, कदाचित आज या पात्रातून बाहेरही पडता येणार नाही. पाऊस यावा असं म्हणायची माझी छाती होईना. येऊ नये असं त्या बायकांच्या शेजारी बसून मनात तरी कसं म्हणायचं? शाळेतल्या शिपायाच्या ज्या बायकोने माझं बाळंतपण सांभाळलं तिच्या दारातली दोन गुरं गेल्या महिन्यात गेली होती. मी देवाचं नाव घेतलं आणि पुढे काय मागायचं ते सुचेना, म्हणून नुसतं नावच घेत राहिले.

थेंब पडला. माझ्या हातावर. मग सेटच्या पत्र्यावर टप्, टप्. वाळूत छोटे खड्डे पडले. सगळे उठून उभे राहिले. बायकांनी तळहात पसरले. मुकादमाने टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी तुम्हाला सांगू शकत नाही. आजोबांनी तेवढ्यात अंगातला शर्ट काढून सेटवर टाकला आणि बनियनवर उभे राहिले, कारण सेट भिजला असता. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

आणि थेंब थांबले. आणखी थोडा वेळ आम्ही उभे होतो. ढग फाटले, ऊन आलं, वाळूतले खड्डे वाळले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या.

मावशी पुढे झाली. तिने वाकून एक अंडं उचललं, हातात फिरवलं, नाकाशी नेलं. मग बाजूच्या पहारीवर आपटलं. टण् असा आवाज झाला आणि एक टवका उडाला. आत पांढरंच होतं.

"च्याच्या कपाचं हाय रं हे," ती म्हणाली. "ह्याच्यात काय बांधत्याल? ह्याला तर कानबी न्हाई."

कुणीतरी हसलं, पण हसू लगेच संपलं.

"मंग बांधला कुनी?" मुकादम म्हणाला. तो आमच्याकडे बघत नव्हता. कुणाकडेच बघत नव्हता.

यंत्र दाखवून उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता. मुकादमाने टोपी घातली आणि म्हणाला, "साहेब, त्यो पाऊस परत ऐकू यील का?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी ती होकाराची समजली, किंवा तसं दाखवलं. त्यांनी तार परत चढवायला हात घातला तर दोघे पहारवाले पुढे झाले आणि त्यांनीच बांबू धरले. मावशीने टवका उडालेलं अंडं परत दिलं. आजोबा म्हणाले, "हे राहू द्या, दुसरं आहे." आणि त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. ते गरम झालं होतं, उन्हाने किंवा तिच्या मुठीने.

स्पीकर परत लागला. खरखर, आणि मधून कडकड. माणसं गोल करून बसली. दर कडकडीला कुणीतरी "हां" म्हणायचं, भजनात म्हणतात तसं. एका बाईने सेटच्या पत्र्याला कान लावला. हळूहळू जिभा सुटल्या.

"साहेब, अमेरिका लागती का ह्याच्यावर?"

"कधी कधी लागते."

"त्यास्नी सांगा, त्यो लाल मिलो नगं आता. घसा धरतोय."

"तसा निरोप सांगता येत नाही. कायदा आहे."

"मंग तुमी बोलता काय त्यांच्यासंगं?"

"आवाज कसा येतोय. हवा कशी आहे."

"हवा इचारायला येवढी बॅटरी?" मुकादम म्हणाला, आणि या वेळी सगळे हसले. 'तुमी' परत आलं होतं. मी ते ऐकलं.

उन्हं उतरल्यावर त्याच माणसांनी बॅटऱ्या गाडीत चढवल्या. वाटेत आजोबा म्हणाले, "बघ, संपलं की नाही नीट?" मला राहून राहून ते थेंब आठवत होते. ते थांबले नसते तर? पंचवीस माणसांनी राक्षसभुवन ऐकावं असं त्यांना वाटत होतं. तेवढी झाली नाहीत. पात्रात बसलेली माणसं धरली तर झाली.

पुढच्या श्रावणात पाऊस झाला. गंगेला पाणी होतं आणि तार बांधायला वाळूच नव्हती. आजोबांनी पुन्हा विषय काढला नाही. सोसायटीच्या मोटारी वर्षभर चालल्या, मग भांडणं झाली, मग सोसायटी बंद पडली. पुढे आम्ही बीडला आलो. कितीतरी वर्षं आभाळ भरून आलं की मी आधी दाराकडे बघायची.

धाकट्या, तू तार बांधशील तेव्हा आधी आजूबाजूच्या लोकांना ती अंडी हातात घेऊन बघू दे. तुमच्याकडे ती कशाची करतात मला माहीत नाही.

आजोबा गेले. सेट एका कॉलेजला दिला, तो तिथे आता नाही असं कळलं. पंपघराच्या भिंती आहेत, छप्पर नाही. टवका उडालेलं अंडं माझ्याकडे आहे, कपाटात, चहाच्या कपांच्या मागे.